परसातल्या ओट्याला दगड कोणता? आधी ऊन बघा

मागच्या वर्षी ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आर्वी तालुक्यात मामाच्या गावी गेले होते. मामानं परसात नवा ओटा बांधला होता. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, वर काळाभोर ग्रॅनाइट. पॉलिश इतकं की त्यात आभाळ दिसायचं. संध्याकाळी पाच वाजता मामी रात्रीच्या स्वयंपाकाला बाहेर आली आणि सगळ्यात आधी तिनं विहिरीच्या पाण्यात बुचकळलेलं बारदान त्या ओट्यावर पसरलं. "हात ठेवाले जागा नाही बाई, अख्खा तवा होऊन राह्यला हा," ती म्हणाली. बारदान थोड्याच वेळात कोरडं झालं. तिनं ते पुन्हा भिजवलं.

दगड मामानं आणि मिस्त्रीनं मिळून शहरातल्या दुकानात निवडला होता. मामी दुकानात गेलीच नव्हती. दगडाला कुणी उन्हात हात लावून बघितला नव्हता, कारण दुकानात तो सावलीत उभा होता.

परसातला स्वयंपाक आपल्याकडे विदर्भात हौसेचा नाही. उन्हाळ्यात घरात चूल किंवा गॅस पेटवला की रात्री झोपणं अवघड होतं, म्हणून बाया बाहेर रांधतात. रोडगे, मांडे, कुरडयांचा चीक, लोणच्याची कैरी, पाहुण्यांसाठी चढवलेले मोठे गंज, हे सगळं बाहेरच होतं. अलीकडे पुष्कळ घरी बसून रांधायच्या चुलीऐवजी उभ्यानं काम करायचा ओटा बाहेर बांधू लागलेत, आणि गुडघे दुखणाऱ्या बायांसाठी ती फार चांगली गोष्ट आहे. फक्त घरातल्या ओट्याचा हिशेब तसाच्या तसा बाहेर लावला की फसगत होते. घरातला दगड ऊन, पाऊस आणि जमिनीची हालचाल यांपैकी काहीच सोसत नाही. बाहेरचा दगड तिन्ही सोसतो.

उन्हाचं गणित

हवामान खातं चंद्रपूर किंवा अकोल्याचं तापमान ४५ अंश सांगतं, ते सावलीतलं असतं. पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेल्या तापमापकानं मोजलेलं. उन्हात पडलेला दगड त्याहून पुष्कळ जास्त तापतो. काळा रंग सूर्याचा बहुतेक प्रकाश पिऊन घेतो आणि त्याची उष्णता करतो, त्यामुळे काळा दगड हवेपेक्षा १५-२० अंशांनी सहज वर जातो. आपल्या कातडीला ४५ अंशांच्या आसपासच चटका जाणवायला लागतो. म्हणजे मामीचा ओटा त्या दिवशी हाताला सोसण्यापलीकडे होता, आणि त्यात नवल काहीच नव्हतं.

तापण्यात दगडाच्या जातीपेक्षा रंगाचा वाटा मोठा आहे. फिक्या करड्या रंगाचा ग्रॅनाइट आणि काळा ग्रॅनाइट शेजारी शेजारी उन्हात ठेवून दुपारी तीनला हात लावून बघा, फरक लगेच कळेल. अगदी पांढरंही नको, कारण पॉलिश केलेला पांढरा दगड उन्हात डोळ्यांत खुपतो. करडा, फिका तपकिरी, वाळूच्या रंगाचा, आणि पृष्ठभाग चकचकीत नसून किंचित खरबरीत असलेला दगड सगळ्यात सुखाचा. दुकानात ह्याला लेदर फिनिश म्हणतात. चकाकी नसल्यामुळे पाण्याचे पांढरे डागही त्यावर कमी उठून दिसतात.

दुसरी गोष्ट ओट्याच्या दिशेची. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट, कारण दगड दिवसभराचा तापलेला असतो आणि बाया नेमक्या तेव्हाच रांधायला येतात. ओटा घराच्या पूर्वेच्या अंगाला असला तर दुपारी दोननंतर घराचीच सावली त्यावर पडते. जागा पश्चिमेलाच असेल तर दगडावरचे पैसे थोडे कमी करा आणि टिनावर घाला. टीन तापून खाली आग ओकतं, म्हणून ते उंच घ्यावं आणि त्यावर कापसाच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्यांचा थर टाकावा. चुलीच्या डोक्यावर मात्र नुसतं टीनच ठेवा. तिथे पऱ्हाट्या नकोत, एक ठिणगी पुरते.

आंबट लागलं की दगड कळतो

बाजारातले दगड बाहेरून वेगवेगळे दिसतात, पण ओट्यापुरत्या त्यांच्या दोन जाती लक्षात ठेवल्या तरी भागतं. एक चुनखडीच्या कुळातली, दुसरी तशी नसलेली.

आंध्रातला काळा कडप्पा, कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची शहाबादी फरशी, राजस्थानातून येणारा हिरवट कोटा, हे तिघेही चुनखडक. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुरा भागात सिमेंटचे एवढे कारखाने उभे राहिले ते ज्या दगडामुळे, त्याच कुळातले. संगमरवरही मुळात चुनखडकच, जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून बदललेला. ह्या सगळ्यांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट असतो, आणि त्याचं आंबटाशी जमत नाही. लिंबाचा रस पडला की आम्ल दगडाचा तो थर खातं, बारीक बुडबुडे येतात आणि पॉलिशवर मळकट पांढरा वण राहतो. हा वण डाग नसून दगड झिजलेली जागा असते, म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही. आपल्या परसात आंबट किती, याचा विचार करा: लोणच्याच्या कैऱ्या, चिंचेचा कोळ, अंबाडीची भाजी, ताक, कढी. संगमरवर बाहेरच्या ओट्याला लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रॅनाइट दुसऱ्या जातीचा. तो पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या रसातून सावकाश थंड होऊन बनला, आणि त्यातली क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं लिंबाला दाद देत नाहीत. आपल्या पाट्या-वरवंट्याचा काळा बेसाल्टही असाच. तो मुळात लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला. पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच-मिरची वाटली तरी तो आंबटानं झिजत नाही, ते ह्यामुळेच.

दुकानातला तुकडा कोणत्या जातीचा, हे ओळखायला लिंबू सोबत न्या. तुकड्याच्या मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूवर चार थेंब पिळा. फसफसलं किंवा पाच मिनिटांनी जागा पांढरट पडली, तर तो चुनखडीच्या कुळातला. काळ्या ग्रॅनाइटसाठी आणखी एक चाचणी. स्वस्त, करड्या दगडाला कधीकधी काळा रंग देऊन विकतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन घासा. फडकं काळं झालं तर तो रंग आहे, आणि आपल्या उन्हात तो उडणार.

मग कडप्पा, शहाबादी टाकाऊ आहेत का? अजिबात नाही. स्वस्त आहेत, मजबूत आहेत, गावातल्या प्रत्येक मिस्त्रीला हाताळता येतात. भांडी घासायची जागा, गंज ठेवायचा कट्टा, ओट्याखालचे कप्पे यांना त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त जिथे चिरणं, वाटणं, पिळणं होतं ती दोन-तीन फुटांची जागा ग्रॅनाइटची घ्या. सगळा ओटा एकाच दगडाचा हवा असा काही नियम नाही.

हळदीचं एक सांगते, कारण डागांची सगळ्यात जास्त भीती तिचीच असते. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद तर रंगासाठीच नावाजलेली. ती सांडली की साबण लावताच लाल होते आणि बाया घाबरतात. साबण अल्कली असतो, हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, इतकंच. बाहेरच्या ओट्याला एक फायदा असतो: हळदीतलं कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. जागा धुऊन उन्हाला उघडी ठेवली तर पिवळेपणा काही दिवसांत ओसरतो. तेलाचं तसं नाही. ते दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हानं आणखी आत जातं आणि तिथे काळपट होऊन बसतं. म्हणून सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लावायचा तो मुख्यतः तेलासाठी. पाण्याचा थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा. थेंबाखालचा दगड गडद झाला तर सीलर हवा. दरवर्षी पावसाळा संपून दगड पूर्ण कोरडा झाला की एक हात मारायचा.

विहिरीचं आणि बोअरचं पाणी

माझी नणंद दर्यापूर तालुक्यात राहते. तिथे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, अकोला, अमरावती, बुलडाणा ह्या जिल्ह्यांत पसरलेला. जमिनीतलं पाणीच खारट. तिच्या परसातल्या शहाबादीचे पापुद्रे निघायला लागले तेव्हा घरातल्यांना वाटलं, फरशी हलकी निघाली. फरशी बरी होती, पाणी खारं होतं. खारं पाणी दगडात मुरतं, ऊन लागल्यावर पाणी उडून जातं आणि मीठ आतच उरतं. त्या मिठाचे खडे होताना ते फुगतात आणि दगडाचा वरचा थर आतून ढकलून सोडवतात. भिंतीला लोणा लागतो तीच ही गोष्ट. अशा पाण्याच्या गावात पाणी न पिणारा, घट्ट दगडच घ्यावा आणि ओटा बोअरच्या पाण्यानं धुतला तर फडक्यानं लगेच कोरडा करावा.

हेच पाणी स्टीलच्या ओट्यालाही खातं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमची अगदी पातळ साय असते, तिच्यामुळे ते गंजत नाही. मिठातलं क्लोराइड ती साय जागोजागी फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. चांगल्या ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि ते बाहेर लवकर तांबारतं. "लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे अस्सल" असं ऐकून फसू नका, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ३०४ असं लिहून घ्या. स्टील उन्हात फुगतंही जास्त. हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांपासून उन्हाळ्यातल्या दुपारच्या ६५ अंशांपर्यंत गेलं, तर तीन मीटरचा स्टीलचा ओटा जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतो. तेवढाच ग्रॅनाइट वाढतो सव्वा मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये घट्ट गाडलेला स्टीलचा पत्रा मग मधून वर उचलला जातो आणि पाय पडल्यासारखा खडखडतो. स्टील सावलीतच छान.

क्वार्ट्झ नको, का ते ऐका

शहरातल्या घरांमध्ये हल्ली क्वार्ट्झचे ओटे दिसतात, आणि ते बघून गावाकडे विचारणा होते. हा अखंड नैसर्गिक दगड नव्हे. दगडाचा भुगा वजनानं नव्वद टक्क्यांच्या वर आणि उरलेला प्लास्टिकसारखा राळेचा चिकटा, असा तो कारखान्यात दाबून बनवतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती राळ पिवळी पडते, आणि गरम गंज सरळ टेकवला तर वण उठतो. घरात चांगला असेल, परसात दोन उन्हाळ्यांत रंग बदलेल.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. हा दगड कोरडा कापला की त्यातून सिलिकाची फार बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा बनवलेला दगड वापरायला बंदी घातली, ती कापणाऱ्या कामगारांना हा आजार होत होता म्हणून. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतो, प्रमाण कमी, पण धोका आहेच. आपल्या परसात जो पोरगा तोंडाला नुसता दुपट्टा बांधून ग्राइंडर चालवतो, त्याच्या शेजारी पाण्याची बादली आणि पाण्याची धार धरणारा माणूस उभा करा. ओलं कापलं की बरीचशी धूळ खालीच बसते. ह्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

टाइल्सबद्दल थोडक्यात: जुन्या व्हिट्रीफाइड टाइल्स उरल्या असतील तर खुशाल लावा, त्या पाणी पीत नाहीत आणि आंबटानं बिघडत नाहीत. दुखणं त्यांच्या सांध्यांचं असतं, म्हणून टाइल मोठी घ्या आणि सांधे एपॉक्सीनं, म्हणजे पाणी न पिणाऱ्या राळेनं, भरा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस जास्त, तिथे साध्या सिमेंटच्या सांध्यांत शेवाळ धरतं. लाकूड सागाचं असलं, आलापल्लीचं असलं, तरी ओट्याला नको. पोळपाट, पाट इथवर ठीक.

दगड फुटतो तो खालून

मामाच्या ओट्याची दुसरी गोष्ट दिवाळीत कळली. बेसिनच्या कोपऱ्यापासून कडेपर्यंत एक तडा गेला होता. मामाला वाटलं दुकानदारानं खराब माल दिला. मी खाली वाकून बघितलं तर विटांच्या भिंतीलाही त्याच रेषेत भेग होती.

वऱ्हाडात आणि वर्ध्याकडे बहुतेक जमीन काळी. त्या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात शेताला काठी जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या बुजतात, ही तीच हालचाल. घराचा पाया खोल, मुरमापर्यंत नेलेला असतो. परसातला ओटा मात्र "एवढासा तर आहे" म्हणून अर्धा-पाऊण फूट खोदून उभा करतात. मग तो दरवर्षी वर-खाली होतो, आणि दगडाला वाकणं ठाऊक नसल्यामुळे तो फुटतो. फुटायला कमजोर जागा शोधतो, ती म्हणजे बेसिनसाठी कापलेला काटकोनी कोपरा. सगळा ताण तिथे गोळा होतो.

म्हणून पैसे कमी असतील तर दगड साधा घ्या, पण पाया करा. मुरूम तीन-चार फुटांवर लागत असेल तर तिथवर खोदा. लागत नसेल तर ओट्यापेक्षा फूटभर रुंद असा दोन-तीन फूट खड्डा करून काळी माती काढून टाका आणि मुरूम थराथरानं, पाणी मारून धुम्मस करत भरा. त्यावर गिट्टीचं काँक्रीट. आणि नवा ओटा घराच्या भिंतीला जोडू नका. मध्ये अर्धा इंच फट सोडून ती लवचीक सीलंटनं भरा, म्हणजे दोघं आपापले हलतील. बेसिनचं पाणी ओट्याच्या बुडाशी सोडू नका, ते नळीनं लांब केळी-अळूपर्यंत न्या. एका बाजूची माती ओली आणि दुसरीकडची कोरडी राहिली की ओटा तिरका होतोच. बेसिनचे कोपरे गोल कापून घ्या. सिमेंटचं काम एप्रिल-मेमध्ये करत असाल तर निदान सात दिवस ओली पोती टाकून तराई करा. आपल्या उन्हात एका दुपारी चुकलेली तराई नंतर भरून निघत नाही.

वजनाचाही अंदाज असू द्या. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो, म्हणजे दहा बाय दोनचा ओटा शंभर किलो. खाली दोन-अडीच फुटांवर आधाराच्या भिंती हव्यात. वरून पन्नास माणसांच्या भाजीचा गंज येणार आहे, हे मिस्त्रीला आधीच सांगा. पुढच्या काठाला खालून एक बारीक खाच कापून घ्या, म्हणजे वरचं पाणी खाली भिंतीवर ओघळत न जाता खाचेपाशीच टपकतं. ढाळ बेसिनच्या दिशेनं, दहा फुटांत इंचभर पुरे.

चूल त्या दगडावर मांडायची नाही, मग तो कोणताही असो. विस्तवाखालचा भाग तापून फुगतो, बाजूचा थंडच राहतो, आणि त्या ओढाताणीत दगड तडकतो. चुलीसाठी ओट्याच्या टोकाला वेगळा, थोडा खालचा कट्टा विटांचा करा, वर वाळू आणि मातीचा चांगला जाड थर द्या, आणि दगड त्याच्या हातभर आधीच थांबवा. खालचा ह्यासाठी की मोठ्या गंजात सराटा फिरवताना खांदे वर उचलावे लागू नयेत. बाकी ओट्याची उंची रांधणारीच्या कोपरापेक्षा चार-सहा इंच कमी, ती उभी असताना मोजलेली. मामाच्या ओट्याची उंची मिस्त्रीच्या कोपराची होती.

यंदा संक्रांतीनंतर मामीनं स्वतः दगडाच्या दुकानातून चार कातरण आणले: काळा पॉलिशचा, करडा लेदर फिनिशचा, कडप्पा आणि एक क्वार्ट्झचा. असे तुकडे दुकानदार मागितले तर बहुधा तसेच देतात. तिनं ते परसाच्या भिंतीवर मांडले, प्रत्येकावर लिंबू, तेल, हळद आणि बोअरच्या पाण्याचा एकेक थेंब, आणि रोज दुपारी तीनला तळहात टेकवून बघायची. मार्चपर्यंत तिचं ठरलं होतं. तडा गेलेला बेसिनकडचा भाग काढून पाया मुरमापर्यंत नेला आणि तिथे करडा बसवला. उरलेला काळा भांडी ठेवायला आहे तसाच राहिला, त्यावर पश्चिमेला टीन पुढे ओढून घेतलं. बारदान आता कोंबड्यांच्या खुराड्यावर असतं.